रेस्टवर ठेवूनही ग्रुप उभा का पसरतो

पुढे बायपॉड (नळीखालचा दोन पायांचा टेकू), मागे वाळूची पिशवी, तरी 100 मीटरवर .308 रायफलचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, वर-खाली लांबतोय आणि शॉट सुटला की टार्गेट स्कोपमधून बाजूला निसटतं, असं तुम्ही लिहिलंय. महागडी रेस्ट (रायफल टेकवायचा स्टँड) घेण्याआधी एवढं तपासा: रायफल दरवेळी एकाच वाटेने मागे जातेय का?

धक्का गोळी निघून गेल्यावर बसतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं तर गोळी नळीत असतानाच रायफल हलायला लागते. बार पेटल्यापासून गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंत एक-दीड मिलिसेकंद जातो, आणि तेवढ्यात चार किलोची रायफल दीड-दोन मिलिमीटर मागे आलेली असते. खांद्याला जाणवतो तो दणका त्यानंतरचा. भोक कुठे पडणार याचा फैसला मात्र त्या दोन मिलिमीटरांत होऊन गेलेला असतो. एका शॉटला दस्ता खांद्यात घट्ट, पुढच्याला सैल, असं झालं की ग्रुप उभा पसरणारच.

म्हणून आधी बसणं सुधारा. खुर्ची रायफलच्या सरळ मागे, छाती टार्गेटकडे, दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेले. शरीर तिरकं असलं की धक्क्याला एका बाजूला अडवणारं कोणी नसतं, आणि रायफल तिकडेच वळते. टार्गेट निसटतं ते बहुधा यामुळेच. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि पुन्हा पाहा. क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) सरकली असेल तर ती हाताने ओढून आणू नका, खुर्ची किंवा बायपॉड हलवा. जबरदस्तीने ओढलेली रायफल ट्रिगर दाबताना परत आपल्या जागी जायला बघते.

बायपॉड टणक बेंचवर उसळतो, गुळगुळीत बेंचवर घसरतो. पायांखाली रबराची चटई टाका आणि खांद्याने हलकंसं पुढे रेटा, पायांतली ढिलाई निघण्यापुरतं. किती रेटायचं याला फार महत्त्व नाही, दरवेळी तेवढंच रेटायला हवं. पुढे पिशवी वापरलीत तर ती फोरएंडखाली (दस्त्याच्या नळीखालच्या पुढच्या भागाखाली) असू द्या. नळी टेकवलीत की गोळी लागण्याची जागा बदलते. पट्ट्याची कडी पिशवीला अडकत नाही ना, तेही बघा, ही बारीक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. मोकळा हात मागच्या पिशवीवर ठेवा. मूठ आवळली की दस्ता वर, सैल केली की खाली, एवढ्यावर उंचीचा बारीक नेम जमतो.

(स्प्रिंगच्या एअर रायफलला यातलं बरंचसं लागू नाही. तिचा पिस्टन पेलेट नळीत असतानाच तिला मागे-पुढे हिसकावतो, तिला सैल हाताने धरावं लागतं.)

आता धक्क्याची धास्ती. ती आपल्याला आहे हे कोणी कबूल करत नाही, म्हणून सोबत्याला मॅगझीन भरायला सांगा आणि तुम्हाला न सांगता मधेच एखादा डमी राउंड (न उडणारं बनावट काडतूस) घालू द्या. डमीवर नुसतं ‘टक’ वाजेल. त्या क्षणी क्रॉसहेअर खाली बुडी मारते का, ते पाहा. मारत असेल तर काही दिवस चेंबर रिकामी असल्याची दोनदा खात्री करून ड्राय फायर करा, म्हणजे काडतूस न भरता ट्रिगर दाबायचा सराव करा, आणि मधूनमधून कमी धक्क्याची .22 रायफल चालवा. शॉट सुटल्यावर ट्रिगर लगेच सोडू नका. क्रॉसहेअर स्थिरावेपर्यंत बोट मागेच राहू द्या. सगळं जुळलं असेल तर ती टार्गेटवर किंवा त्याच्या जवळपास परत येते.

मझल ब्रेकची (नळीच्या तोंडावर बसवून वायू बाजूला वळवणाऱ्या तुकड्याची) घाई करू नका. धक्का कमी होतो, पण आवाज तुमच्या आणि शेजारच्याच्या कानावर आदळतो आणि धास्ती उलट वाढू शकते. त्यापेक्षा चांगलं रिकॉइल पॅड (दस्त्याच्या टोकाची रबरी गादी) आणि दस्त्याची योग्य लांबी आधी बघा.

एवढं करूनही ग्रुप उभाच राहिला तर अ‍ॅक्शनचे (बोल्ट असलेला भाग दस्त्याला धरून ठेवणारे) स्क्रू तपासा, नळी गार होऊ द्या आणि दुसऱ्या लॉटचा दारूगोळा लावून पाहा. काडतुसांच्या वेगात फरक असेल तर तो लांबच्या अंतरावर आणखी उघडा पडतो.