पवनचक्कीची पाती गरगर फिरतात पण बॅटरीत काही जात नाही: मॅग्नेट सोडा, आधी पोलची उंची बघा

दादा, ऐरोलीत रो हाऊसच्या गच्चीवर १ किलोवॉटची पवनचक्की, १२ व्होल्टची बॅटरी, पाती फिरतात पण अँपिअर दिसत नाहीत, आणि आता जनरेटरमध्ये जास्त ताकदीचे मॅग्नेट टाकू की पाती मोठी करू असं विचारताय ना? ठाण्यात घोडबंदर रोडला आमचं सेम टू सेम हेच झालेलं. बॅटरी, फ्यूज, अर्थिंग तुम्ही बघितलंच असणार, त्यात मी जात नाही.

मॅग्नेटच्या नादाला लागू नका. डब्यावरचा १ किलोवॉट हा सहसा सेकंदाला १२ मीटरच्या आसपासच्या वाऱ्याचा असतो, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर, तो आपल्याकडे पावसाळ्यात झोडपतो तेवढाच. वारा निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्शावर येते. पात्यांचा व्यास २ मीटर धरला तर ६ मीटरच्या वाऱ्यात फार तर १२० वॉट, ३ मीटरच्या वाऱ्यात १५. एवढ्यात मोबाईल चार्ज करा फक्त. वाऱ्यातल्या ताकदीपैकी फार तर ५९ टक्केच पात्यांना काढता येते, ही बेट्झची मर्यादा कोणालाच सुटत नाही, घरगुती मशीनला ३० टक्के मिळाले तरी नशीब समजा.

म्हणून सगळा खेळ उंचीचा. आसपासच्या १५० मीटरमधल्या सगळ्यात उंच गोष्टीपेक्षा ९-१० मीटर वर पाती हवीत असं म्हणतात, शहरात ते कोणाला जमतंय, पण निदान टाकी आणि कठड्यामुळे होणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्यातून तरी बाहेर काढा.

आमचं घोडं इथेच अडलं. पोल चांगला उंच बनवून घेतला होता, सोसायटी म्हणाली परवानगीचं पत्र आणा. मग ते एक ऑफिस, नाव घेत नाही. पहिल्या टेबलावर "सोलर आहे का? मग इथे नाही", दुसऱ्यावर "मोबाईल टॉवरचा फॉर्म भरा", अख्खा पावसाळा, म्हणजे वाऱ्याचा सीझनच, फाईल फिरण्यात गेला आणि शेवटी साहेब तोंडी बोलले की कठड्याच्या फार वर नेऊ नका. कुठल्या नियमात आहे विचारलं तर "लेखी कशाला पाहिजे तुम्हाला?" झालं, कमिटीने तेच धरून ठेवलं, वेल्डर बोलावून पोल कापायला लावला आणि चक्की बसली बरोब्बर टाकीच्या आडोशाला. आधीच आमच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर, नैऋत्येचा वारा तिथेच फुटतो, त्यात ही टाकी. चक्कीचं शेपूट दिवसभर इकडून तिकडे, अँपिअरचा काटा क्षणभर वर आणि परत शून्य. मशीनपेक्षा त्या तोंडी वाक्याने जास्त पैसे खाल्ले माझे. तेव्हा लेखी मिळेपर्यंत पोलला हात लावू देऊ नका कोणाला, आणि स्लॅबला हादरे बसतात म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरलाही दाखवा.

तुमची बाजू खरं तर चांगली आहे, पश्चिमेला खाडी मोकळी, पारसिकचा डोंगर मागे. एका उंच बांबूला दर दोन फुटांवर रिबिनी बांधा आणि पश्चिम कठड्याला उभा करा. ज्या उंचीपासून रिबीन सरळ, एका दिशेला उडते तिथून पुढे पाती. खालच्या फडफडत गोल फिरत असतील तर तिथे काहीही लावा, फुकट आहे.

मग वायरिंग. १२ व्होल्टला १० अँपिअर, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, खाली बॅटरीपर्यंत ३० मीटर म्हणजे जाऊन येऊन ६०, यात साधारण २५ वॉट वायरच खाते. मशीन २४ व्होल्टवर चालणारं असेल तर तेवढ्याच वॉटला नुकसान चौथ्या हिश्शावर. जनरेटरच्या तीन फेजची सहाही टोकं बाहेर असतील आणि जोडणी डेल्टा (तिन्ही गुंडाळ्या त्रिकोणात) असेल तर स्टार (तिघींचं एकेक टोक एकत्र) करून बघा, तेवढ्याच फेऱ्यांना व्होल्टेज १.७३ पट, हलक्या वाऱ्यात चार्जिंग लवकर सुरू होतं. जोराच्या वाऱ्यात करंट कमी मिळेल, पण तो वारा येतो कधी!

सोलरचा चार्ज कंट्रोलर मात्र चुकूनही लावू नका, बॅटरी भरली की तो लाइन तोडतो आणि चक्की बिनलोड सुसाट सुटते. डंप लोडवालाच घ्या, म्हणजे जादा वीज हीटरसारख्या रेझिस्टरमध्ये जिरवणारा. (मी इलेक्ट्रिशियन नाही, वायरिंगला जाणकार माणूस बोलवा.)

खाडीच्या खाऱ्या हवेत टर्मिनल हिरवी पडतात, स्टेनलेसचे बोल्ट आणि ग्रीस. आणि राग मानू नका, निव्वळ युनिट हवे असतील तर १ किलोवॉट सोलर दिवसाला साधारण ४ युनिट देतं, २०२४ च्या सूर्यघर योजनेत घरांना ३ किलोवॉटला ७८,००० सबसिडी आहे. चक्की पावसाळ्यापुरती जोडीला ठीक, हे माझं मत.

गच्चीचा फोटो टाका, टाकी कुठल्या बाजूला आहे ते दिसेल असा.