वजन तेच, कंबर वाढलेली

प्रश्न : माझे वय ६८ वर्षे आहे. यंत्रमागावर आयुष्यभर उभ्याने काम केले, आता निवृत्त आहे. उंची १६५ सेंमी आणि वजन ६२ किलो असून गेल्या कित्येक वर्षांत वजनात फरक पडलेला नाही. पोट मात्र सुटले आहे, कंबर ९६ सेंमी भरते आणि पाय बारीक झाले आहेत. वजन प्रमाणात असताना मधुमेहाची काळजी करावी का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : होय, करावी. आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, सुमारे २२.८ येतो आणि भारतीयांसाठी २३ च्या आतला आकडा योग्य मानतात. तरीही साठीनंतर केवळ त्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. वयपरत्वे स्नायू झडतात आणि चरबी वाढते, त्यामुळे काटा तेच वजन दाखवत असला तरी शरीराची आतली घडण बदललेली असते. आपले बारीक झालेले पाय आणि सुटलेले पोट नेमके हेच सांगत आहेत.

भारतीय पुरुषांची कंबर ९० सेंमीच्या आणि स्त्रियांची ८० सेंमीच्या आत असावी, तसेच ती उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. आपल्या उंचीचे निम्मे ८२.५ सेंमी होतात. पोटाच्या आत अवयवांभोवती साठलेल्या चरबीतून मेदाम्ले (चरबीचे घटक) थेट यकृताकडे जातात, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) व रक्तदाब वाढू लागतो.

माप मात्र नीट घ्यावे. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, कारण पट्टा पोटाखाली बांधलेला असतो. स्त्रियांनीही साडीच्या निऱ्यांवरून टेप लावू नये. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उघड्या त्वचेवर, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता टेप धरावी. पोटरीचाही सर्वांत जाड भागी घेर मोजावा. पुरुषांत तो ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंमीपेक्षा कमी असल्यास स्नायू घटल्याची शंका घ्यावी. पायांवर सूज असल्यास हे माप फसवे ठरते.

उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) आणि रक्तदाब लवकर तपासून घ्या. पोट कमी करण्यासाठी जेवण तोडू नका, त्याने उरलेले स्नायूही जातील. ज्वारीची भाकरी ठेवावी, तिच्यासोबत डाळ, मटकी, दही वाढवावे आणि तेलात कालवलेली शेंगाचटणी बेताने घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. रोजच्या चालण्याला खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याच्या व्यायामाची जोड द्यावी, मात्र छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.