नात तोंड उघडं टाकून झोपते

प्रश्न : नात सात वर्षांची. तोंड उघडं टाकून झोपते, घोरते. बेळगावच्या डॉक्टरांनी टाळू रुंद करणारं यंत्र सुचवलंय. दुधाचे सगळे दात पडण्याआधीच कशाला? – एक आजोबा, खानापूर

उत्तर : आजोबा, वय योग्यच आहे. टाळूच्या मधला सांधा वयात येईपर्यंत घट्ट जुळत नाही, म्हणून आता जबडा सहज रुंदावतो. पण घोरण्यासाठी आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा. नाकामागच्या अडेनॉइड गाठी वाढल्यात का, बघू द्या. नुसत्या घोरण्यावर यंत्र बसवणं मला पटत नाही. वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील, तर जरूर बसवा. किल्लीने यंत्रातला स्क्रू घरीच फिरवायचा असतो. समोरच्या दातांत फट पडेल. घाबरू नका, बहुधा आपोआप मिटते. कुंदा खाल्ला तर चूळ भरायला लावा, चिक्की मात्र बंद!