ग्राफिटी वर्णभेदातून जन्मली का?

"अमेरिकेत काळ्यांना वेगळ्या वस्त्यांत कोंडलं म्हणून ग्राफिटी आली, हे खरं का?" असं विचारलंय तुम्ही. ग्राफिटी म्हणजे भिंतींवर, गाड्यांवर परवानगीशिवाय काढलेली नावं आणि चित्रं. कोंडलं हे शंभर टक्के खरं. 'म्हणून' या शब्दाशी मात्र माझं भांडण आहे.

1930 च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने अमेरिकी शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा, निळा, पिवळा, लाल. काळ्यांची वस्ती जवळपास हमखास लाल, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. घरकर्जाला हमी देणारं सरकारी खातंही त्याच चष्म्यातून बघायचं. पुढे न्यूयॉर्कचे रस्ते-पूल आखणारा बडा अधिकारी रॉबर्ट मोझेस याने शहराच्या ब्राँक्स भागात भरवस्ती फोडून क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे हा महामार्ग काढला, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, आणि 1970 च्या दशकात साउथ ब्राँक्स जळत राहिलं. विम्याच्या पैशासाठी आपलीच इमारत पेटवून देणारे मालकही होते. त्यात 1975 साली न्यूयॉर्क शहराचं दिवाळं निघायची वेळ आली.

पण पहिली नावं बघा, सगळी काळ्यांची नाहीत. फिलाडेल्फियात 1960 च्या दशकातच 'कॉर्नब्रेड' भिंतींवर झळकत होता, तो कृष्णवर्णीय. न्यूयॉर्कमध्ये ज्याच्यामुळे हे वेड वर्तमानपत्रात आलं (1971), तो 'टाकी 183' ग्रीक कुटुंबातला. 183 हा त्याच्या रस्त्याचा नंबर. ली किन्योनेस पोर्टो रिकन, लेडी पिंक इक्वेडोरमध्ये जन्मलेली. ही पोरं स्वतःला चित्रकार म्हणवत नसत, 'रायटर' म्हणवत. नाव लिहायचं, बस्स.

माझ्या मते खरी गंमत ट्रेनमध्ये आहे. बँका नकाशावरच्या लाल रेषेपाशी थांबायच्या, सबवे, म्हणजे शहरातली भुयारी रेल्वे, थांबत नव्हती. रात्री यार्डात शिरून डब्यावर नाव काढायचं. सकाळी तीच गाडी ब्राँक्समधून निघून मॅनहॅटन पार करत ब्रुकलिनला. ज्या भागात तुम्हाला कोणी घर देणार नाही, तिथून तुमचं नाव रोज जातंय! मग चढाओढ लागली. साध्या टॅगचा (नुसत्या नावाचा) झाला 'पीस', म्हणजे मोठं रंगीत चित्र, पिसाचा 'होल कार', म्हणजे अख्खा डबा. अक्षरं एकमेकांत इतकी गुंतली की बाहेरच्याला वाचताच येऊ नयेत. कला घडली ती या ईर्षेतून. गॅलऱ्या मागून आल्या. 1973 मध्ये रेझर गॅलरीत प्रदर्शन झालं, 1978 मध्ये साउथ ब्राँक्समध्येच 'फॅशन मोडा' उघडली, आणि 1979 मध्ये ली आणि फॅब फाइव्ह फ्रेडी यांची चित्रं थेट रोममध्ये लागली.

पण ग्राफिटीला कला म्हटलं म्हणून वर्णभेद संपला नाही. सप्टेंबर 1983 मध्ये मायकेल स्टुअर्ट या 25 वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला सबवे स्टेशनात ग्राफिटी काढल्याच्या आरोपावरून पोलिसांनी पकडलं. कोठडीत असताना तो बेशुद्ध झाला, शुद्धीवर आलाच नाही आणि तेरा दिवसांनी गेला. पोलिसांवर खटला चालला. ज्युरीत सगळे गोरे, सगळे आरोपी निर्दोष.

त्या वेळी न्यूयॉर्कचा चित्रकार जाँ-मिशेल बास्किया गॅलऱ्यांचा लाडका झाला होता. तोही कृष्णवर्णीय, त्यानेही 'सेमो' या नावाने भिंतींवर लिहिलेलं. त्याच्या एका कॅनव्हासला 2017 मध्ये 11 कोटी 5 लाख डॉलर मिळाले. स्टुअर्टच्या मृत्यूवरचं चित्र मात्र त्याने कॅनव्हासवर नाही, चित्रकार कीथ हॅरिंगच्या स्टुडिओच्या भिंतीवर काढलं: दोन पोलीस, उगारलेले दंडुके आणि मधे एक काळी आकृती. स्टुडिओ सोडताना हॅरिंगने भिंतीचा तेवढा तुकडा कापून घेतला आणि आपल्या पलंगाच्या वर टांगला.