कवयित्रीला एकांत नेमका कशासाठी लागतो?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन आणि मराठी कवयित्री इंदिरा संत यांच्या कवितेत एवढं बळ आलं ते त्यांच्या एकटेपणामुळेच का? आणि कोकणात गुहागरकडच्या भरल्या घरात राहणाऱ्या बाईला तशी कविता लिहिता येईल का?

येईल. या दोघींपैकी कुणीही रिकाम्या घरात बसून लिहिलेलं नाही. डिकिन्सन (१८३०–१८८६) अ‍ॅमहर्स्टला वडिलांच्या घरी बहिणीबरोबर राहत होती, भाऊ-भावजय शेजारच्याच घरात. पाव भाजणं तिच्याकडे असे, आई अंथरुणाला खिळल्यावर तिचं करण्यातही ती होती. इंदिराबाईंचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले. त्यानंतर बेळगावात नोकरी आणि मुलांचं संगोपन, दोन्ही त्यांनी एकटीनं केलं. निवांतपणा कसला!

मग एकांत कुठे होता? माझ्या मते तो लिहिण्याच्या क्षणी ऐकणारा समोर नसण्यात होता. कुणाला आवडेल, कोण काय म्हणेल, हे मनातून गेलं की एकाच ओळीशी कितीही वेळ थांबता येतं. डिकिन्सनची हस्तलिखितं बघा, म्हणजे हे कळेल. तिनं स्वतःच्या हातानं चाळीस वह्या शिवल्या. घडी घातलेले कागद एकावर एक ठेवायचे, कडेला भोकं पाडून दोरा ओवायचा. एखादा शब्द पक्का ठरला नाही, तर त्याच्याशेजारी अधिकची (+) छोटी खूण करून पर्यायी शब्द कवितेखाली लिहायची. कधी एकाच जागी दोन-तीन पर्याय, आणि मूळ शब्द खोडलेला नाही. जवळपास अठराशे कवितांपैकी तिच्या हयातीत मोजक्याच छापल्या गेल्या, म्हणून निकाल लावायची घाई तिला नव्हती. १८९० साली पहिलं पुस्तक निघालं तेव्हा संपादकांनी पर्याय गाळले, विरामचिन्हं बदलली, शीर्षकं चिकटवली.

ही युक्ती उचलाच. वहीत उजव्या पानावर कविता, डावं पान पर्यायांसाठी कोरं. आठ दिवस काही खोडायचं नाही. (आपल्याकडे पावसात जेल पेनची शाई दमट कागदावर फुटते आणि वहीला बुरशी धरते. पेन्सिल वापरा, वही घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.)

भरल्या घरातल्या एकांताचा दाखला तर आपल्याच भाषेत आहे. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर हात चालू असताना गाणी जुळली, मुलानं आणि नातलगानं काही उतरवून घेतली, पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली आलं. कोकणातही पूर्वी घरचा पुरुष मुंबईला गिरणीत आणि बाई इथे सासू, मुलं, गुरं, भातशेती सांभाळून. तिची ओवी पहाटे जात्यावरच आली. हात गुंतलेला आणि डोकं मोकळं, अशी कामं हेरा: बिरडं सोलणं, रातांबे फोडणं, तांदूळ निवडणं. वाचनाचं किंवा हिशेबाचं काम चालत नाही, ते शब्दच खातं. कामात दोनच ओळी पुटपुटत राहा. चार धरायला गेलात की पहिली निसटते. काम संपल्यावर ज्या उरल्या तेवढ्याच लिहा, बाकीच्या गेल्या तर जाऊ द्या.

नवी कवयित्री हमखास फसते ती इथे: एकांत हाच विषय होऊन बसतो. ‘एकटी’, ‘पोकळी’, ‘नि:शब्द’ असे शब्द ओळीओळीत येतात आणि वाचणाऱ्याला काही दिसत नाही. पहिला खर्डा झाला की असे शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येकाच्या जागी घरातली वस्तू किंवा क्रिया घाला. ‘पोकळी’ काढून मागीलदारी पालथी घातलेली घागर आली, तर भाव आपोआप येतो. वस्तू सुचत नसेल तर ती ओळ काढा. आणि वर ‘म्हणजेच माझं मन’ असा खुलासा जोडू नका, तिथे कविता मोडते.

इंदिराबाईंची शिस्त इथे शिकण्यासारखी आहे. ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७), ‘रंगबावरी’ (१९६४) या क्रमानं वाचा. दुःखाचं कारण त्या सहसा सांगत नाहीत. पाऊस, संध्याकाळ, झाड यांवर ते सोपवतात. त्यांच्या कवितेतला प्रत्येक ‘तू’ म्हणजे दिवंगत पती असं धरून वाचू नका. चरित्र कळल्यानं कवितेत शिरायची वाट सापडते, पण तेवढ्यावरच थांबलं तर ओळीतला तोल, कुठे थांबल्या आणि काय गाळलं, हे नजरेतून सुटतं.

वेळेचं म्हणाल तर मे महिन्यात चाकरमानी आलेले असताना फक्त शब्द टिपा: बोलणी, नावं, आवाज. लावणी उरकली की गणपतीपर्यंत घर जरा शांत असतं. खर्डे तेव्हा घासा, रोज वीस मिनिटं पुरतात. तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, कारण पहिल्या ‘छान’नंतर दुसरा शब्द शोधायची इच्छाच राहत नाही. गणपतीत मात्र मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणारे अडखळतील ती ओळ तुम्हाला लगेच कळेल, आणि माणसं तेव्हा घरात भरपूर असतात.