लालबागेत पहिल्यांदा जाताना

बेळगावहून रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघालात, तर बंगळुरूला उतरल्यावर रेल्वे स्थानकाजवळच्या मॅजेस्टिक मेट्रो स्थानकाहून हिरव्या मार्गावरील मेट्रोने थेट लालबाग स्थानक गाठावे. हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेली आणि टिपू सुलतानाने देशोदेशीची झाडे आणवून वाढवलेली ही राजबाग आज २४० एकरांवर पसरलेली असल्याने एका फेरीत सगळी पाहण्याचा हट्ट धरू नये. १८८९ चे काचघर सर्वजण पाहतातच. मी मात्र ऊन तापण्यापूर्वी, सुमारे ३०० कोटी वर्षांच्या जुन्या खडकावर चढून बंगळुरूचे संस्थापक केंपेगौडा यांच्या बुरुजापाशी थोडा वेळ बसावे, असे सुचवेन. ऑगस्टमधील पुष्पप्रदर्शनाला गर्दी फार (फुलांपेक्षा माणसेच अधिक दिसतात), त्यामुळे पहिल्या भेटीसाठी तो आठवडा टाळावा.