वीज कोळशापासूनच बनत असेल, तर इलेक्ट्रिक गाडीमुळे कार्बन उत्सर्जन खरंच कमी होतं का?

हाच प्रश्न माझ्या साडूंनी मी गाडी घेतली त्याच आठवड्यात चार पाहुण्यांदेखत विचारला होता. वर ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ म्हणून टाळी घेतली. तेव्हा मला काही सुचलं नाही, ते अजून सलतंय, म्हणून लिहितो.

दुसऱ्याच दिवशी प्लगवर युनिट मोजणारा छोटा मीटर बसवला. गाडीची स्क्रीन म्हणते १०० किलोमीटरला १४ युनिट, मीटर म्हणतो १६. मधली दोन चार्जिंग करतानाच उष्णतेत जातात. हिशेब मीटरचाच धरायचा. जुन्या औष्णिक केंद्रात युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे माझे झाले १६ किलो. साडूंची गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते, म्हणजे तेवढ्याच अंतराला पावणेसात लिटरच्या आत पेट्रोल. लिटर जाळलं की २.३ किलो, एकूण सव्वापंधराच्या आसपास. हरलो!

पण बहुतेक ठिकाणी विजेत पाणी, वारा, ऊन, अणू यांचाही वाटा असतो. नॉर्वेत जवळपास सगळी वीज पाण्यावर आणि थोडी वाऱ्यावर बनते. तिथे हीच १६ युनिटं अर्ध्या किलोच्या आत बसतात. सौर विजेचे, पॅनेल बनवतानाचं उत्सर्जन धरूनही, युनिटला ४०-५० ग्रॅमच पडतात. मी मात्र रात्री अकराला प्लग लावायचो, म्हणजे नेमकं सौर वीज शून्य असताना. आता सुटीच्या दिवशी भर दुपारी लावतो. ही सुधारणा साडूंमुळे झाली, हे त्यांना सांगितलेलं नाही.

शिवाय ग्रिडमधली, म्हणजे घरोघरी येणारी वीज स्वच्छ होईल तशी माझी गाडी आपोआप सुधारते. त्यांचं पेट्रोल दहा वर्षांनीही लिटरला तेवढाच धूर सोडणार, आणि तेलविहिरीपासून पंपापर्यंतचं उत्सर्जन वरच्या हिशेबात धरलेलंच नाही. (कोळसाही खणावा लागतो म्हणा.)

हो, बॅटरी राहिलीच. ती बनवतानाच काही टन कार्बन हवेत जातो, तो फिटायला गाडी भरपूर पळावी लागते. तुमचं फिरणं कमी आणि वीज कोळशाची असेल, तर निव्वळ कार्बनसाठी चांगली चालती गाडी काढून नवी घेऊ नका.

आणि साडूभाऊ, वाचत असाल तर: लिटरला २० देते म्हणता ना? मागच्या प्रवासात तीनदा टाकी भरली, तेव्हा मी शेजारीच बसून किलोमीटर टिपत होतो. १५च्या वर एकदाही गेली नाही.